उद्याचा रकाना

अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू पारखणारा स्काउट एखाद्या तरुण पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्या खेळाडूचा, अहवाल लिहितो, तेव्हा प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने भरतो. एक आजचा, एक उद्याचा. मोजायची पट्टी २० ते ८० अशी असते. ५० म्हणजे मेजर लीगमधल्या सर्वसाधारण खेळाडूइतकं, ६० म्हणजे त्याहून ठळकपणे सरस, आणि ८० लिहायची वेळ फार क्वचित येते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या फास्टबॉलपुढे आज ५५, उद्या ६५. स्लायडरपुढे, म्हणजे बाजूला वळणाऱ्या बॉलपुढे, आज ४५, उद्या ५५. नियंत्रणापुढे आज ३५, उद्या ५०, असे आकडे पडत जातात. आजचा रकाना भरायला मेहनत लागते, पण तो तपासता येतो. वेग मोजता येतो, बॉल किती वळला ते मोजता येतं, कॅचरनं ग्लव्ह धरला तिथे किती बॉल गेले हे पाहता येतं. उद्याचा रकाना तसा तपासता येत नाही. आणि कराराची रक्कम किती, मुलाला ठेवायचं की सोडायचं, अदलाबदलीत कोणाला द्यायचं, हे सगळं मात्र त्याच रकान्यावर ठरतं. मायनर लीगमधल्या पिचरांचं मूल्यमापन करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं. मुलगा आज किती जोरात फेकतो यावरून उद्याचा आकडा लिहू नये. गेल्या वर्ष-दीड वर्षात त्यानं स्वतःत काय बदलून दाखवलं, यावरून लिहावा. असा बदल तारखांनिशी दाखवता येत नसेल, तर दोन रकान्यांत मोठं अंतर ठेवायचा आपल्याला अधिकार नाही.

हे मत नीट मांडायचं तर मायनर लीगची शिडी आधी समजून घ्यावी लागेल. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. २०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येक संघाला पूर्ण हंगाम खेळणारे चार मायनर लीग संघ जोडलेले आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. म्हणजे एकूण १२०. त्यांच्याही खाली फ्लोरिडा, ॲरिझोना आणि डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सरावकेंद्रांवरच्या लीग आहेत. शाळेतून किंवा कॉलेजातून निवडलेला मुलगा खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात करतो. खालच्या पायरीवर समोरचा बॅटरही अठरा-वीस वर्षांचा असतो. होमप्लेट अवघी १७ इंच रुंद, पिचरच्या उभं राहण्याच्या जागेपासून तिचं अंतर ६० फूट ६ इंच. एवढ्या अंतरातून तासाला ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगानं आलेला बॉल स्ट्राइक आहे की बाहेर, हे ठरवायला त्या पोराला अर्धा सेकंदही मिळत नाही. तो बाहेरच्या बॉलवर बॅट फिरवतो, चुकतो, आणि पिचरच्या खात्यात स्ट्राइकआउट जमा होतो. डबल-एमध्ये हेच बॅटर थांबायला शिकलेले असतात. बाहेरचा स्लायडर ते सोडून देतात आणि पिचरला प्लेटवर यायला भाग पाडतात. म्हणून जाणकार माणसं सिंगल-एमधल्या यशावर फार बोलत नाहीत, डबल-एमधले पहिले दोन महिने पाहायला थांबतात. खालच्या पायरीवर नुसता दंड पुरतो. तिथले आकडे दंडाची ताकद सांगतात, पिचर सांगत नाहीत.

त्या आकड्यांत सगळ्यात फसवा आकडा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागलेल्या धावा. मायनर लीगमध्ये मागे उभे असलेले क्षेत्ररक्षक स्वतः शिकत असतात, मैदानं वेडीवाकडी असतात, काही गावं समुद्रसपाटीपासून इतकी उंच की साधा फटका कुंपणापार जातो. बॅटला लागून मैदानात पडलेल्या बॉलचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा समजलं जातं त्यापेक्षा कितीतरी कमी असतो, हे विश्लेषक व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडलं आणि तेव्हापासून या क्षेत्रातल्या विचाराची दिशाच बदलली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मायनर लीगमधला सामना हा बऱ्याचदा सराव असतो. संघ पिचरला सांगतो, या महिन्यात स्लायडर कमी टाक, चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण संथ बॉल) जास्त टाक, मार बसला तरी चालेल. मुलगा ऐकतो, मार खातो, त्याचा ईआरए पाचावर जातो, आणि ज्याला ही सूचना ठाऊक नाही तो म्हणतो, पोरगं ढेपाळलं. बॉलसुद्धा बदलतो. २०१९ मध्ये ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचा बॉल वापरायला सुरुवात झाली आणि होमरनची संख्या एकदम उसळली. २०२३ च्या पूर्वार्धात डबल-एच्या सदर्न लीगमध्ये जास्त चिकट पकडीचा बॉल प्रयोगासाठी दिला गेला आणि तिथे स्ट्राइकआउट वाढले. त्या महिन्यांत तिथल्या एखाद्या पिचरचे आकडे सुधारले असतील, तर ते श्रेय मुलाचं किती आणि बॉलचं किती, हे वेगळं करावंच लागतं. स्ट्राइकआउट आणि वॉक (चार बॉल बाहेर टाकल्यानं बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) यांचं प्रमाण त्यातल्या त्यात भरवशाचं, पण तेही वयाशेजारी ठेवून वाचायचं असतं. ड्वाइट गुडननं १९८३ मध्ये मायनर लीगमधल्या लिंचबर्गला १९१ इनिंगमध्ये ३०० स्ट्राइकआउट घेतले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि समोरचे बहुतेक बॅटर त्याच्याहून मोठे होते. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्क मेट्सकडून मेजर लीगमध्ये २७६ स्ट्राइकआउट घेत होता. हेच आकडे चोविसाव्या वर्षी त्याच पायरीवर कोणी घेतले असते, तर त्यांचा अर्थ निम्माही राहिला नसता.

आता वेगाकडे वळतो, कारण उद्याचा रकाना फुगवायचं काम सगळ्यात जास्त वेगच करतो. शंभर मैलांचा बॉल पाहिला की माणसाचं मन पुढचं सगळं आपोआप भरून घेतं: नियंत्रण येईल, दुसरा पिच शिकेल, शरीर भरेल. आजवर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वात पहिला क्रमांक फक्त तीन शालेय पिचरांना मिळाला आहे. १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड, १९९१ मध्ये ब्रायन टेलर, २०१४ मध्ये ब्रेडी एकन. तिघेही डावखुरे. क्लाइडला टेक्सास रेंजर्सनं शाळा सुटल्यावर महिनाही उलटायच्या आत थेट मेजर लीगच्या माउंडवर उभं केलं. १८ विजय, ३३ पराभव, आणि चोविसाव्या वर्षी त्याची मेजर लीग कारकीर्द संपली. टेलरला न्यूयॉर्क यांकीजनं १५ लाख ५० हजार डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत खांदा दुखावला आणि तो मेजर लीगपर्यंत कधीच पोहोचला नाही. एकनचा करार वैद्यकीय तपासणीच्या वादात फिसकटला, पुढच्या वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, तोही पोहोचला नाही. २०१४ मध्येच दुसऱ्या क्रमांकावर टायलर कोलेक हा टेक्सासमधला शाळकरी मुलगा निवडला गेला होता, शंभर मैल टाकणारा. त्याच्याही कोपरावर शस्त्रक्रिया झाली, मेजर लीग त्यालाही दिसली नाही. यात दुखापतीचा आणि नशिबाचा वाटा आहेच. तीन-चार नावांवरून नियम काढता येत नाही, हेही मला मान्य आहे. पण या निवडी करताना हातात काय होतं ते पाहा. मुलगा बदलतो कसा, शिकतो कसा, अपयशाला काय उत्तर देतो, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. असू शकतही नव्हता, कारण शाळेच्या बेसबॉलमध्ये या मुलांना बदलायची गरज कधी पडलीच नव्हती. उद्याचा सगळा रकाना आजच्या दंडावर उभा होता.

याच्या उलट बाजूची नावं घेतो. रॉय हॅलडे हा टोरॉन्टोनं पहिल्या फेरीत निवडलेला पिचर. २००० मध्ये मेजर लीगमध्ये त्याचा ईआरए १०.६४ झाला. पुढच्या वर्षी संघानं त्याला थेट ए पातळीवर, डनीडनला धाडलं. त्या वर्षी प्रशिक्षक मेल क्वीन यांच्या हाताखाली त्यानं दंडाचा कोन खाली आणला, बॉल सरळ जायचा तो हलायला लागला. २००३ मध्ये आणि नंतर २०१० मध्ये तो साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा मानकरी झाला. कोरी क्लुबर चौथ्या फेरीतला, मायनर लीगमध्ये असतानाच एका तिहेरी अदलाबदलीत क्लीव्हलंडला गेलेला. ट्रिपल-एमध्ये २०१२ साली त्यानं साध्या फास्टबॉलऐवजी खाली आणि आत वळणारा फास्टबॉल मुख्य केला. २०१४ आणि २०१७ चा साय यंग त्याचा. जेकब डिग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप खेळायचा, पिचिंग त्यानं उशिरा धरलं. २०१० मध्ये नवव्या फेरीत निवड झाली आणि त्याच वर्षी कोपरावर शस्त्रक्रिया. २०११ चा हंगाम बुडाला, त्या काळात तो चेंजअप शिकला, आणि मेजर लीगमध्ये आला तेव्हा सव्वीस वर्षांचा व्हायला महिनाच उरला होता. पुढे दोन साय यंग. शेन बीबर कॉलेजच्या संघात शिष्यवृत्तीविना शिरलेला, बेताच्या वेगाचा मुलगा. २०१७ च्या मायनर लीग हंगामात त्यानं १७३ इनिंगमध्ये फक्त दहा वॉक दिले. वेग नंतर वाढला, स्लायडर नंतर धारदार झाला, २०२० चा साय यंग एकमतानं मिळाला. या चौघांच्या कागदांत एक साम्य आहे. कुठल्या तरी दोन तारखांच्या मध्ये या मुलानं अमुक गोष्ट बदलली, असं बोट ठेवून सांगता येतं.

या सगळ्यात मला सर्वाधिक बोलकी वाटते ती स्टीव्ह डालकाउस्कीची नोंद, आणि तो मेजर लीगमध्ये कधी खेळलाच नाही. त्याच्याइतक्या जोरात बॉल कोणी टाकला नाही, असं त्याला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आयुष्यभर सांगत राहिली. १९६० मध्ये स्टॉकटनकडून खेळताना १७० इनिंगमध्ये त्याचे स्ट्राइकआउट २६२ आणि वॉकही २६२. वेगवान पण बेलगाम दंडाचं उदाहरण म्हणून हा आकडा सगळे देतात आणि तिथेच थांबतात. पुढचा आकडा १९६२ चा आहे. एल्मायरामध्ये अर्ल वीव्हर त्याचे व्यवस्थापक होते. त्यांनी त्याच्यापुढचं काम सोपं केलं, थोडा वेग सोडून स्ट्राइक टाकायला लावलं. त्या वर्षी १६० इनिंगमध्ये वॉक ११४. नऊ इनिंगमागे जवळजवळ चौदा होते, ते साडेसहाच्या खाली आले. तरीही जास्तच, पण दोन वर्षांत निम्म्याहून कमी. १९६३ च्या वसंतातल्या सरावसामन्यांत कोपर गेलं आणि सगळं संपलं. मी जर १९६२ च्या शेवटी त्याचा अहवाल लिहीत असतो, तर वेगाचा आकडा १९६० सालचाच ठेवला असता. तो तर पूर्वीपासूनच पट्टीबाहेर होता. पण नियंत्रणाच्या उद्याच्या रकान्यातला आकडा वाढवला असता, आणि शेजारी कारण लिहिलं असतं: दोन हंगाम, एक नवा व्यवस्थापक, वॉक निम्म्यावर. अहवाल म्हणजे हेच, असं मला वाटतं.

बदल पाहायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे सविस्तर सांगायला हवं. नाहीतर ही नुसती सदिच्छा होईल. पहिली गोष्ट तिसरा पिच. फास्टबॉल आणि स्लायडर या दोन पिचांवर उजव्या हाताचा मुलगा उजव्या बॅटरांना गुंडाळतो. डावखुरा बॅटर समोर आला की स्लायडर त्याच्या बॅटकडे वळत येतो आणि अडचण सुरू होते. तिथे चेंजअप लागतो. एप्रिलमध्ये चेंजअप टाकताना मुलाचा दंड मंदावतो, आणि बॅटरला ते दिसतं. ऑगस्टमध्ये दंडाचा वेग फास्टबॉलइतकाच राहतो का? राहत असेल, तर पिच अजून मार खात असला तरी काम पुढे सरकलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चूक कुठे होते. नियंत्रण नाही असं म्हणणं सोपं आहे, पण चुका सगळ्या बाजूंना होतात की एकाच बाजूला, याला फार महत्त्व आहे. एकाच बाजूला जाणाऱ्या चुकीमागे बहुधा एकच कारण असतं: पुढचा पाय आडवा पडतो, किंवा खांदा लवकर उघडतो. ते कारण सापडतं आणि दुरुस्त होतं. चहूकडे विखुरलेल्या चुकांमागे एक कारण सापडत नाही. तिसरी गोष्ट, धावपटू बेसवर असताना बदल टिकतो का. मोकळ्या बेसवर नवी लय जमते आणि दुसऱ्या बेसवर कोणी आला की मुलगा जुन्या सवयीकडे पळतो, असं फार वेळा होतं. तो बदल अजून त्याचा झालेला नाही. चौथी गोष्ट, पाचव्या इनिंगमधला वेग आणि पहिल्या इनिंगमधला वेग यांतली तफावत हंगामाच्या सुरुवातीला किती होती आणि शेवटी किती उरली. आणि पाचवी, जी मला सर्वांत मोलाची वाटते: सूचना दिल्यापासून ती अंगात यायला किती सामने लागले. काही मुलं तिसऱ्या सामन्यात करून दाखवतात आणि सहाव्यात विसरतात. काहींना दहा सामने लागतात, पण मग ती गोष्ट पुढच्या वसंतातही तशीच असते. मी दुसऱ्या प्रकाराला जास्त गुण देतो. या प्रत्येक गोष्टीला किमान दोन तारखा लागतात, मधे निदान तीन महिने लागतात, आणि दोन्ही वेळा तीच मोजमापं घ्यावी लागतात. एका संध्याकाळी येऊन, वेग मोजून, निघून जाणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. वेग शिकवता येत नाही, बाकी सगळं शिकवता येतं. तेव्हा वेग विकत घ्या आणि बाकीचं शिकवा. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. रँडी जॉन्सन १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक वॉक देत होता. १९९२ मध्ये पिचर नोलन रायन आणि प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्याच्या पुढच्या पायाचं पडणं दुरुस्त करून दिलं, आणि त्यातून पाच साय यंग मिळवणारा पिचर उभा राहिला. वेगाला एक खालची मर्यादा असते, हेही खरं. उजव्या हातानं ८८ मैल टाकणारा मुलगा आज मेजर लीगपर्यंत जाणं फार कठीण आहे. त्याच्या उद्याच्या रकान्यात मीही मोठा आकडा लिहिणार नाही. पण वेग शिकवता येत नाही, हा आक्षेपाचा पाया आता ढासळला आहे. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ मध्ये ९१.३ मैल होता, २०२४ मध्ये ९४.२ झाला. सोळा वर्षांत माणसाची हाडं बदललेली नाहीत. व्यायाम बदलला, जड बॉलांचा सराव आला, सेकंदाला शेकडो चित्रं टिपणारे कॅमेरे आले. वेग आता बऱ्याच अंशी घडवला जातो. ज्या गोष्टीचा पुरवठा वाढला आहे तिच्यासाठी दुर्मीळ वस्तूची किंमत मोजणं हिशेबात बसत नाही. आणि जॉन्सनचं उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतं. त्याचा उद्याचा आकडा वाढवायचा खरा पुरावा १९९२ नंतर मिळाला. त्याआधी त्याच्याइतकेच वेगवान आणि त्याच्याइतकेच बेलगाम असलेले कितीतरी मुलगे मायनर लीगमध्येच संपले, आणि त्यांना वेगळं काढण्याची कोणतीही खूण वेगात नव्हती.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हॅलडे, क्लुबर, डिग्रॉम, बीबर ही नावं आपण घेतो, कारण ते पोहोचले. नवा पिच शिकून, दंडाचा कोन बदलून, वॉक निम्म्यावर आणूनही घरी परतलेली मुलं हजारांनी असतील आणि त्यांच्यावर कोणी लिहीत नाही. हे खरं आहे. बदल म्हणजे यशाची हमी, असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं तुलनेपुरतं आहे. आजचा रकाना सारखाच असलेली दोन मुलं समोर असतील, तर उद्याचा मोठा आकडा कोणाला द्यायचा? वेग एक मैल जास्त आहे त्याला, की ज्याच्या चेंजअपमध्ये एप्रिल ते ऑगस्ट फरक दिसला त्याला? मी दुसऱ्याला देतो, कारण मेजर लीगमध्ये गेल्यावर त्याला पुन्हा बदलावंच लागणार आहे. तिथले बॅटर चित्रफिती पाहून एका महिन्यात उत्तर शोधतात. एकदा बदललेला मुलगा पुन्हा बदलेल याची खात्री नाही, पण कधीच न बदललेल्याच्या बाबतीत आपण निव्वळ आशेवर असतो. आशा अहवालात लिहायला माझी हरकत नाही. तिला आकड्याचा वेश देऊ नये.

याच कसोटीवर भारतीय वाचकाच्या ओळखीचं एक नाव लावून पाहतो. २००८ मध्ये भारतात मिलियन डॉलर आर्म ही स्पर्धा झाली. तिची विजेती आणि उपविजेती जोडी, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, यांनी त्या वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सशी करार केला. जॉन्सनची चूक ओळखणारे टॉम हाउस यांनीच त्यांना अमेरिकेत शिकवलं. त्या वर्षापूर्वी दोघांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. दिनेशला २०१० मध्ये मुक्त केलं गेलं. रिंकूनं मात्र पायऱ्या चढत २०१२ चा हंगाम वेस्ट व्हर्जिनियाच्या ए पातळीवरच्या संघात काढला, तोही बऱ्यापैकी यश मिळवून. बदलाचा वेग म्हणाल तर शून्यापासून तिथवर चार वर्षांत पोहोचणं ही असामान्य गोष्ट आहे, आणि आपल्याकडे तिचं मोल पुरेसं ओळखलं गेलं नाही असं मला मनापासून वाटतं. पण त्या हंगामात तो चोविशीला पोहोचला होता आणि त्याच्याबरोबरचे बरेच जण एकवीस-बावीसचे होते. नंतर कोपराच्या दुखण्यानं उरलेला वेळही घेतला. बदल हा मुख्य पुरावा असला, तरी तो वयाच्या घड्याळाशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. त्याच्या अहवालात मी शिकण्याबद्दल अत्यंत वरचं लिहिलं असतं आणि उरलेल्या वर्षांबद्दल खरं तेच लिहिलं असतं.

तिसरा आक्षेप यंत्रांचा. आता प्रत्येक बॉलचा वेग, फिरकी, वळण, हातातून सुटण्याची उंची, सगळं यंत्र नोंदवतं. मग माणसाच्या अहवालाची गरज काय? मला हा विरोध कळत नाही. माझ्या मताला यंत्राइतका मोठा आधार दुसरा नाही. पूर्वी एप्रिलमधला दंड आणि ऑगस्टमधला दंड यांची तुलना आठवणीवर व्हायची, आणि आठवण नेहमी आवडत्या मुलाच्या बाजूनं झुकते. आता दोन तारखांचे आकडे शेजारीशेजारी मांडता येतात. यंत्राला सांगता येत नाही ते इतकंच, की बदल का झाला. चेंजअपचं वळण वाढलं ते पकड बदलल्यामुळे, की दंड थकून खाली आल्यामुळे? पहिलं असेल तर आकडा वाढवायचा, दुसरं असेल तर डॉक्टरांना विचारायचं. ते कळायला प्रशिक्षकाशी बोलावं लागतं, सरावाच्या वेळी उभं राहावं लागतं. दुर्दैवानं बरेचदा यंत्राचा वापर उलट होतो. एका संध्याकाळची उत्तम दहा पिचं उचलायची, त्यांच्या आकड्यांवरून उद्याचा रकाना भरायचा आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. महागडं यंत्र वापरून केलेली ही तीच जुनी चूक आहे.

आणि शेवटचा, सगळ्यात जड प्रश्न दुखापतीचा. पिचरचं कोपर कधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, मग उद्याचं लिहायचंच कशाला? १९९० च्या दशकाच्या मध्यावर मेट्सकडे इसरिंगहाउझन, पल्सिफर आणि विल्सन हे तीन तरुण पिचर होते. सगळं शहर त्यांची वाट पाहत होतं, आणि तिघंही दुखापतींनी जायबंदी झाले. स्टीव्हन स्ट्रासबर्गनं ८ जून २०१० ला मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट घेतले आणि सप्टेंबरात तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनच्या कोपरातला स्नायुबंध बदलला नसता, तर आज कितीतरी पिचर खेळताना दिसले नसते, असं म्हणायला जागा आहे. पण दुखापत हा पूर्णपणे आकाशातून पडणारा दगड नाही. मेजर लीगनं डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात वाढता वेग, प्रत्येक पिचमागे लावला जाणारा पूर्ण जोर आणि आकड्यांवर चांगले दिसणारे पिच घडवण्याचा हव्यास यांच्याकडे बोट दाखवलं आहे. ही तिन्ही कारणं मूल्यमापनाशी जोडलेली आहेत. आम्ही जे मोजतो तेच मुलं करून दाखवतात. अहवालात सर्वाधिक वेगाला रकाना असेल आणि शिकण्याला नसेल, तर सोळा वर्षांचा मुलगा हिवाळ्यातसुद्धा प्रदर्शनी सामन्यांत जाऊन वेगमापक यंत्रापुढे शंभर टक्के जोर लावणार. तिथे कोणाला बाद करायचं नसतं, आकडा तेवढा काढायचा असतो. उद्याचा रकाना चुकीच्या पुराव्यावर भरण्याची किंमत संघाच्या तिजोरीपुरती राहत नाही. ती त्या मुलाच्या कोपरातून वसूल होते, आणि म्हणून हा प्रश्न मला केवळ हिशेबाचा वाटत नाही.

या कामात असलेल्यांकडे माझी मागणी साधी आहे. एकवीस वर्षांखालच्या पिचरच्या अहवालात उद्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी दोन तारखा आणि त्यांच्यामधला बदल लिहावा. तो लिहिता येत नसेल, तर उद्याचा आकडा आजच्याहून पाचाच्या वर चढवू नये. आणि न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात ज्या मराठी घरांतली मुलं आता लिटल लीगमध्ये पिचिंग करू लागली आहेत, त्या आईवडिलांनी मुलाचा वेग विचारण्याआधी पिच स्मार्टची मार्गदर्शक मर्यादा पाहून घ्यावी. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ती ठरवली आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलानं एका दिवसात ८५ पिचच्या वर जायचं नाही, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलानं ९५ च्या वर नाही, आणि वर्षातले किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद ठेवायचं, त्यातले दोन ते तीन महिने सलग.